विमान कंपनी दुसऱ्या कंपनीत जाते तेव्हा पायलटच्या सिनिऑरिटीचं काय होतं? अमेरिकेतल्या मेसा-रिपब्लिक विलीनीकरणाची गोष्ट

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रादेशिक विमान कंपन्यांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. एक मेसा एअरलाइन्स, मुख्यालय ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात. दुसरी रिपब्लिक एअरवेज, मुख्यालय इंडियाना राज्यातल्या कार्मेलमध्ये. कागदोपत्री हे विलीनीकरण होतं. पण नव्या कंपनीत रिपब्लिकच्या भागधारकांना ८८ टक्के हिस्सा आणि मेसाच्या भागधारकांना ६ ते १२ टक्के, हे आकडे पाहिले की कोण कोणाला सामावून घेतंय ते लगेच कळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि नव्या कंपनीला नाव मिळालं ते रिपब्लिकचंच.

बाजाराच्या बातम्यांमध्ये या व्यवहाराची चर्चा शेअर, कर्ज आणि विमानांची संख्या यांच्याभोवती झाली. मेसाच्या कॉकपिटमधला प्रश्न मात्र वेगळा होता : नव्या यादीत माझा नंबर कितवा?

हा नंबर इतका महत्त्वाचा का? आणि पायलट अशा व्यवहाराकडे कसं पाहतात? सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी हे प्रादेशिक कंपनी प्रकरण काय आहे?

समजा तुम्ही ह्यूस्टनहून एखाद्या छोट्या शहराचं युनायटेड एअरलाइन्सचं तिकीट काढलं. विमानावर नाव ‘युनायटेड एक्स्प्रेस’, रंग युनायटेडचा, तिकिटाचे पैसेही युनायटेडला. पण ते विमान उडवणारे पायलट युनायटेडचे नोकर नसतात. ते मेसा, रिपब्लिक किंवा स्कायवेस्ट अशा प्रादेशिक कंपनीच्या पगारावर असतात.

यामागे एक करार असतो. तिकीट किती रुपयांना, आपलं डॉलरला, विकायचं, विमान कुठून कुठे आणि किती वाजता जाणार, हे मोठी कंपनी ठरवते. प्रादेशिक कंपनीने विमान उडवायचं आणि उड्डाणांच्या व तासांच्या हिशोबाने ठरलेले पैसे घ्यायचे. आपल्याकडे भाड्याची बस चालवणाऱ्या ठेकेदाराचं जसं असतं तसंच काहीसं.

या धंद्यात ग्राहक दोन-चारच असतात. एक ग्राहक गेला की कंपनी हलते. मेसाचं नेमकं तेच झालं. अमेरिकन एअरलाइन्ससोबतचं तिचं काम एप्रिल २०२३ मध्ये संपलं आणि सगळा भार एकट्या युनायटेडवर आला. तोटा वाढत गेला. २०२५ पर्यंत ताफ्यात एम्ब्रेअर १७५ जातीची सुमारे ६० विमानं उरली. रिपब्लिक मात्र अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिघांसाठीही उडते. दोन्ही कंपन्या मिळून ताफा सुमारे ३१० विमानांचा आणि दिवसाला १२५० च्या आसपास उड्डाणं, असं करारावेळी सांगितलं गेलं.

दोन्ही कंपन्यांनी दिवाळखोरीही पाहिलेली आहे. मेसाने २०१० मध्ये आणि रिपब्लिकने २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. रिपब्लिकने तर पायलट कमी पडल्यामुळे विमानं उभी ठेवावी लागली हे एक कारणच दिलं होतं.

पायलटांना मत होतं का?

नाही. विलीनीकरणावर मत भागधारक देतात आणि परवानगी सरकारी यंत्रणा देतात. पायलटांची संघटना पाठिंबा देऊ शकते, विरोध करू शकते, अटी मागू शकते. पण ‘आम्हाला हा व्यवहार नको’ असं म्हणून तो थांबवण्याचा अधिकार तिला सहसा नसतो.

त्यामुळे पायलटचं ‘विचार करणं’ म्हणजे मतदान नव्हे, स्वतःच्या नोकरीचा हिशोब. इथेच थांबायचं, की मोठ्या कंपनीत अर्ज टाकायचा? कॅप्टन होण्याची वाट बघायची, की निघायचं? या हिशोबाच्या मध्यभागी असते सिनिऑरिटी.

सिनिऑरिटीला एवढं महत्त्व का?

ऑफिसातल्या नोकरीत दहा वर्षांचा अनुभव घेऊन माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तर बहुधा वरच्या पदावर जातो. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांत तसं होत नाही. वीस वर्षं कॅप्टन असलेला पायलटही नव्या कंपनीत गेला की यादीत सगळ्यात शेवटी जातो, त्याच आठवड्यात रुजू झालेल्या नवख्यांच्या बरोबर.

आणि जवळपास सगळं या यादीवरच ठरतं. कोणत्या शहरात ड्युटी, कोणतं विमान, कोणते मार्ग, दर महिन्याचं वेळापत्रक, दिवाळी म्हणा किंवा ख्रिसमस म्हणा त्या दिवशी सुटी मिळणार की नाही, आणि उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत, म्हणजे को-पायलटवरून कॅप्टन, कधी होणार. मंदी आली तर घरी कोणाला पाठवायचं तेही याच यादीच्या शेपटाकडून ठरतं.

म्हणून पायलट आपला यादीतला नंबर जपतात. तो दुसरीकडे नेता येत नाही. याला अपवाद एकच : कंपन्यांचं विलीनीकरण. तेव्हा दोन याद्या एकात मिसळाव्या लागतात, आणि वाद तिथेच सुरू होतो.

दोन याद्या एकत्र करायच्या कशा?

साधं वाटतं : रुजू झाल्याच्या तारखेनुसार लावा. पण एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

छोट्या कंपनीत ५०० पायलट आहेत. तिथे लोक भराभर सोडून जातात, त्यामुळे २०१५ मध्ये लागलेली पायलट आज ५० व्या नंबरवर आहे. म्हणजे वरच्या दहा टक्क्यांत. मोठ्या कंपनीत २००० पायलट आहेत आणि तिथे २०१५ च्या आधी लागलेले ८०० जण अजून आहेत.

तारखेप्रमाणे यादी केली तर ही पायलट २५०० जणांत साधारण ८५० वी होते. कालपर्यंत हवी ती सुटी मिळवणारी बाई आज पस्तीस टक्क्यांच्या आसपास घसरते.

मग दुसरी पद्धत : टक्केवारी राखा. जी वरच्या दहा टक्क्यांत होती ती नव्या यादीतही वरच्या दहा टक्क्यांतच, म्हणजे २५० च्या आसपास. आता तिचं भलं झालं. पण मोठ्या कंपनीतले सहाशे जण, जे तिच्या आधीपासून उडतायत, तिच्या खाली गेले. त्यांनी काय वाईट केलं होतं?

तिसरी पद्धत सगळ्यात कडवट : विकत घेतलेल्या कंपनीचे सगळे पायलट यादीच्या तळाला जोडायचे. कागदाला कागद स्टेपल करतात तसं. अमेरिकेतले पायलट त्याला ‘स्टेपलिंग’च म्हणतात.

यातली एकही पद्धत दोन्ही बाजूंना एकाच वेळी न्याय्य वाटत नाही. अडचण नेमकी ही आहे.

कायदा काय म्हणतो?

२००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली. टीडब्ल्यूएच्या पायलटांचा मोठा भाग तळाला गेला. केबिन क्रूचं तर सगळ्यांचंच नाव शेवटी लागलं. त्यानंतर मंदी आली, कपात तळापासून झाली आणि अनेक वर्षं नोकरी केलेल्या लोकांना घरी बसावं लागलं.

टीडब्ल्यूएचं मोठं केंद्र मिझुरी राज्यातलं सेंट लुइस. त्या राज्याचे दोन सिनेटर, क्लेअर मॅकस्किल आणि किट बाँड, यांनी २००७ मध्ये कायदा करून घेतला. मॅकस्किल-बाँड कायदा म्हणून तो ओळखला जातो. विलीनीकरणात याद्या ‘न्याय्य आणि समतोल’ पद्धतीने एकत्र करायच्या, आधी वाटाघाटी करायच्या आणि जमलं नाही तर लवादाचा निर्णय बंधनकारक, असं तो सांगतो. दोन्ही कंपन्यांत एकच संघटना असेल तर त्या संघटनेचे स्वतःचे नियम लागू होतात.

मेसा-रिपब्लिकमध्ये हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण दोघांच्या संघटना वेगळ्या. मेसाचे पायलट एअर लाइन पायलट्स असोसिएशनमध्ये, म्हणजे ‘अल्पा’मध्ये. रिपब्लिकचे पायलट टीमस्टर्समध्ये, जी मुळात ट्रकचालकांची संघटना म्हणून प्रसिद्ध आहे. दोन कंपन्या कामगार कायद्याच्या दृष्टीने एक झाल्या का आणि पुढे प्रतिनिधित्व कोणाचं, हे नॅशनल मीडिएशन बोर्ड ही सरकारी संस्था ठरवते. संघटना निवडायला मतदान झालंच, तर संख्या रिपब्लिकच्या बाजूने आहे. मेसाच्या पायलटला म्हणूनच कायद्याचा आधार जास्त लागतो.

कायदा आहे म्हणजे भांडण मिटलं का?

यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचं उदाहरण पाहा. २००५ मध्ये या कंपन्या एक झाल्या. यूएस एअरवेजचे पायलट जुने होते, पण कंपनी डबघाईला आलेली आणि अनेक जण कपातीत घरी बसलेले. अमेरिका वेस्टचे पायलट नवे, पण कामावर. जुन्यांचं म्हणणं : तारीख बघा. नव्यांचं म्हणणं : नोकरी कोणाची शाबूत होती ते बघा.

२००७ मध्ये लवादाने कपातीतल्या पायलटांना तळाला ठेवणारा निर्णय दिला. यूएस एअरवेजचे पायलट चिडले. त्यांची संख्या जास्त होती. त्यांनी २००८ मध्ये अल्पा बाजूला सारून नवी संघटनाच निवडून आणली. पुढे वर्षानुवर्षं कोर्टबाजी. एकाच रंगाची विमानं, एकाच नावाची कंपनी, पण ‘ईस्ट’चे पायलट वेगळे आणि ‘वेस्ट’चे वेगळे. कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेल्यावरच हा गुंता सुटायला लागला.

मग मेसाच्या पायलटने काय तोलायचं?

सिनिऑरिटी सोडूनही तीन-चार गोष्टी आहेत.

पहिली, स्थैर्य. एकाच ग्राहकावर चालणाऱ्या, तोट्यातल्या कंपनीत वरचा नंबर असून उपयोग किती? कंपनी बंद पडली तर नंबरही संपला. डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरच्या पायलटांनी २००१ मध्ये ८९ दिवसांचा संप करून मोठी लढाई लढली होती. पण २०१२ मध्ये डेल्टाने ती कंपनीच बंद केली.

दुसरी, पगार आणि करार. अमेरिकेत प्रवासी कंपनीत उडायला साधारण १५०० तासांचा अनुभव लागतो. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर आलेला हा नियम २०१३ पासून लागू आहे. कोरोनानंतर मोठ्या कंपन्यांनी पायलट ओढून नेले आणि प्रादेशिक कंपन्यांत टंचाई झाली. तेव्हा २०२२ मध्ये मेसाने नव्या को-पायलटचा पगार एका फटक्यात दुपटीहून जास्त करून ताशी १०० डॉलरवर नेला. त्यामुळे एकत्र कंपनीत कोणता करार उरतो, हा थेट खिशाचा प्रश्न आहे.

तिसरी, गाव. मेसाचं ह्यूस्टनमध्ये मोठं काम, रिपब्लिकचा जोर पूर्व आणि मध्य-पश्चिम अमेरिकेत. ड्युटीचं शहर बदललं तर एक तर घर हलवायचं किंवा प्रत्येक ड्युटीआधी विमानाने दुसऱ्या शहरात पोहोचायचं, तेही बिनपगारी वेळेत.

चौथी, पुढची शिडी. बहुतेकांसाठी प्रादेशिक कंपनी हा मुक्काम नसून थांबा असतो. वर्षभरात युनायटेडमध्ये जाणाऱ्या पायलटला इथल्या यादीचं फारसं पडलेलं नसतं. पन्नाशीतला कॅप्टन, ज्याला ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचंय आणि पुन्हा तळापासून सुरुवात करायची नाही, त्याचं मात्र सगळंच या यादीवर टिकून आहे. एकाच कंपनीतले दोन पायलट एकाच व्यवहाराकडे इतक्या वेगळ्या नजरेने बघतात ते म्हणूनच.

भारतात असं झालं तर?

झालेलं आहे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कर्मचारी एकत्र कसे करायचे हे सुचवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. तोवर साचलेला राग २०१२ च्या मे महिन्यात फुटला. नव्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरचं प्रशिक्षण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही द्यायचं, याला इंडियन पायलट्स गिल्डने विरोध केला. संप ५८ दिवस चालला आणि ऐन सुट्टीच्या हंगामात मुंबई-दिल्लीहून परदेशी जाणाऱ्यांचे हाल झाले.

अलीकडचं उदाहरण विस्ताराचं. एअर इंडियात विलीन होण्याआधी, २०२४ च्या सुरुवातीला, पायलटांसमोर नवी पगाररचना आली. आधी ७० तासांच्या उड्डाणाचा पगार हमखास मिळायचा, तो आकडा ४० तासांवर येणार होता. नाराजी, आजारपणाच्या रजा आणि आधीच ताणलेलं वेळापत्रक, सगळं एकत्र आलं. एप्रिलमध्ये विस्ताराला रोजची २५ ते ३० उड्डाणं, म्हणजे जवळपास १० टक्के क्षमता, कमी करावी लागली. विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ ला पार पडलं.

मॅकस्किल-बाँडसारखा, खास विमान कर्मचाऱ्यांच्या सेवाज्येष्ठतेसाठीचा कायदा भारतात नाही. इथे कंपनीचं धोरण, समिती किंवा कोर्ट, यांवरच भिस्त.

प्रवाशाने याच्याकडे का बघायचं?

कारण यादीचा वाद शेवटी तुमच्या तिकिटापर्यंत येतो. याद्या वेगळ्या राहिल्या तर एका बाजूचा मोकळा पायलट दुसऱ्या बाजूचं विमान उडवू शकत नाही, आणि उड्डाण रद्द होतं. नाराज पायलट सोडून गेले तर आधी कात्री लागते ती छोट्या शहरांच्या फेऱ्यांना. अमेरिकेत अशी अनेक शहरं आहेत जिथे प्रादेशिक कंपनीचं ७६ आसनांपर्यंतचं विमान हीच काय ती विमानसेवा.

म्हणून पुढच्या वेळी दोन विमान कंपन्या एक होतायत अशी बातमी आली, तर शेअरच्या भावासोबत तीन गोष्टी शोधा. पायलटांच्या संघटना एकच आहेत की वेगळ्या? याद्या एकत्र करायची पद्धत आणि मुदत जाहीर झाली आहे का? आणि जमलं नाही तर निर्णय कोण देणार? या तिन्हींची उत्तरं विलीनीकरणाच्या आधी ठरलेली नसतील, तर ती नंतर विमानतळावरच्या बोर्डावर ‘रद्द’ या शब्दात वाचायला मिळतात.