दुरुस्ती आणि हव्यास

मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेण्याचे वेड आपल्या तरुणांत नवे नाही. म्हापसा असो, फोंडा असो वा मडगाव असो, ‘बोअर वाढवून द्या’, ‘स्ट्रोक वाढवता येईल का’, अशी विचारणा गॅरेजांतून होत असल्याचे कानांवर येते. या मागणीला केवळ पोरखेळ म्हणून हिणवणे आम्हांस योग्य वाटत नाही. तीत कुतूहल आहे, कारागिरीची ओढ आहे आणि धोकाही आहे. यांतील काय जोपासावे आणि काय रोखावे, याचा विचार शासनाने, पालकांनी आणि कारागिरांनीही करावयास हवा.

ज्या इंजिनाला टर्बोसारखे हवा कोंबणारे साधन नसते, ते आपला श्वास आपणच घेते. पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. अशा इंजिनात अधिक हवा मावावी म्हणून सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, वाढवायचा किंवा पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, वाढवायची. कल्पना साधी आहे. हिशेब मात्र तितका साधा नाही.

एकेकाळी सर्रास दिसणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेऊ. तिला चार सिलिंडर. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर आणि एकूण क्षमता १०८९ सीसी. बोअर १ मिलिमीटरने वाढवला तर क्षमता ११२२ सीसी होते. वाढ अवघी ३ टक्के! चार माणसे गाडीत बसली की ती कोठे गेली हे चालकाला कळणारही नाही. केवळ स्ट्रोक वाढवून १० टक्के वाढ साधायची, तर तो साडेसात मिलिमीटरने वाढवावा लागेल. म्हणजे क्रँकशाफ्ट बदलणे आले. पिस्टन पूर्वीपेक्षा पावणेचार मिलिमीटर वर येऊन हेडला थडकू नये म्हणून कनेक्टिंग रॉड किंवा पिस्टन बदलणेही आले. तितक्याच फेऱ्यांत पिस्टनला लांब धाव घ्यावी लागते, म्हणून त्याचा वेग आणि रॉडवरील ताणही वाढतो. हेड जुनेच ठेवले तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोके देऊ लागण्याची भीती. आणि एवढे करून कार्ब्युरेटर व व्हॉल्व्ह पूर्वीचेच राहिले, तर छाती रुंद पण नाकपुडी तेवढीच, अशी गत व्हायची.

बोअर वाढवून मोठी इंजिने झालीच नाहीत, असे नव्हे. आपल्या ॲम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या घराण्यातले, त्याच घराण्यात ८८.९ मिलिमीटरचा स्ट्रोक कायम ठेवून १९६१ साली १६२२ सीसीचे आणि १९६२ साली १७९८ सीसीचे इंजिन निघाले. परंतु शेवटच्या वाढीसाठी उत्पादकाला शेजारच्या सिलिंडरांमधील पाण्याची वाट काढून टाकून ब्लॉकचीच नवी रचना करावी लागली आणि १९६४ साली क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांची संख्या तीनवरून पाचवर न्यावी लागली. ज्या कामासाठी कारखान्याला ब्लॉक बदलावा लागला, ते काम गॅरेजातील बोअरिंग यंत्रावर दोन दिवसांत उरकेल, अशी समजूत बाळगणे हे धाडस नव्हे, अज्ञान होय. आजच्या अनेक मोटारींचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे आणि आतील अस्तर पातळ. तेथे तर वाढीला जागाच फारशी नसते.

इंजिन वाढले तरी ब्रेक मात्र तेच राहतात. ताशी ६० किलोमीटरवरून वेग ८०वर गेला की गाडी थांबविण्यासाठी ब्रेकना पावणेदोन पटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. गोमंतकातील गावरस्ते अरुंद, वळणांचे. पुढच्या वळणावर सायकलवरून शाळेतून परतणारे मूल असेल, हे त्या वाढीव अश्वशक्तीला ठाऊक नसते. बेडकी कितीही फुगली तरी तिचा बैल होत नाही; फुगता फुगता ती फुटते एवढेच. येथे तर फुटताना ती दुसऱ्यांनाही सोबत नेण्याचा धोका आहे.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

परंतु बोअरिंग हे मुळात दुरुस्तीचे काम आहे, हेही विसरता कामा नये. सिलिंडर झिजला, इंजिन तेल पिऊ लागले, की तो किंचित मोठा कातून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा बसवायच्या, ही काटकसरीची जुनी रीत. उत्पादन २०१४ साली थांबलेल्या ॲम्बॅसॅडरचा बोअर अशा दुरुस्तीत अर्धा मिलिमीटर वाढला, तरी क्षमता १५१० सीसीच्या घरात जाते. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता ज्या १५०० सीसीच्या टप्प्यावर बदलतो, तोही ओलांडला जातो! आजोबांची गाडी जपणाऱ्या त्या मालकाने गुन्हा केला काय? कागदावर बोट ठेवले तर उत्तर अवघड. साध्या न्यायबुद्धीने पाहिले तर मुळीच नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की वाहतूक खात्याने दुरुस्ती आणि हव्यास यांच्यातील सीमारेषा उघड सांगावी. उत्पादकाने ठरविलेल्या ओव्हरसाइज मर्यादेतील काम ही दुरुस्ती मानावी आणि मोजलेला बोअर नमूद केलेले कारागिराचे बिल त्यासाठी पुरेसे समजावे. त्यापलीकडे गेलेल्या इंजिनाला सार्वजनिक रस्ता पूर्णपणे बंद असावा आणि तेथे कोणाचाही मुलाहिजा राखू नये. ज्यांना खरोखर यंत्राशी झुंजायचे आहे, त्यांच्यासाठी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईसारखे शर्यतीचे मार्ग देशात आहेत. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा मुलांना मायक्रोमीटर हाती देऊन मोजायला शिकवावे. ज्याला मोजता येते, तो सहसा वाहवत जात नाही. रात्रीच्या रस्त्यावर डरकाळी फोडणाऱ्या मोटारीपेक्षा झिजलेले इंजिन पुन्हा नीट चालते करणारा हात या भूमीला अधिक हवा आहे.