प्रवासाची शिदोरी : दारावरचें नांव

गेल्या वैशाखांत आम्ही उभयतां रोम नगरीस जाऊन आलों. धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत असतात; त्यांच्याच आग्रहानें हा योग आला. परतल्यावर स्नेहीमंडळी विचारूं लागली, "काय काय पाहिलेंत?" सगळी यादी द्यावयाची तर हें सदर पुरणार नाहीं. म्हणून तीनच वस्तूंविषयीं लिहितों. कारण त्या तिहींनीं मिळून माझ्या मनांतील एक जुनें शल्य काढलें.

तें शल्य आधीं सांगतों. आमच्या गांवचा पडका वाडा आम्हां भावांनीं पुनः उभारला. खर्चाचा मोठा वांटा माझ्या निवृत्तीच्या रकमेंतून गेला. मग दारावरील शिळेवर नांव कोणाचें कोरावें, असा प्रश्न निघाला. वडील बंधूंचें म्हणणें, आजोबांचें. कारण मूळ वाडा त्यांचा. मी माझ्या नांवासाठीं अडून बसलों. आदल्या श्रावणापासून दोघांत बोलणें बंद होतें. अशा मनःस्थितींत मी विमानांत चढलों.

पहिल्या दिवशीं सेंट पीटरच्या मंदिरांत मायकेलअँजेलोचें 'पिएता' हें शिल्प पाहिलें. मृत येशूस मांडीवर घेऊन माता बसली आहे. १४९९ च्या सुमारास ही मूर्ति पुरी झाली, तेव्हां शिल्पकार अवघा २४ वर्षांचा होता. १९७२ सालीं एका माथेफिरूनें तिच्यावर हातोड्याचे घाव घातले. तेव्हांपासून ती कांचेआड आहे. मातेच्या छातीवरून गेलेल्या पट्ट्यावर कर्त्यानें आपलें नांव कोरलें आहे. त्यानें स्वाक्षरी केलेलें हें एकच शिल्प. चरित्रकार वासारी सांगतो कीं, मूर्तीचें श्रेय लोक दुसऱ्यास देतात हें ऐकून त्यानें रात्रीं दिवा घेऊन येऊन तीं अक्षरें कोरलीं. हें ऐकून मला बरें वाटलें. थोरांस जो मोह सुटला नाहीं, तो मज पामरास कसा सुटावा?

त्याच दिवशीं व्हॅटिकनच्या संग्रहालयांत राफाएलचें 'अथेन्सची पाठशाळा' हें भित्तिचित्र पाहिलें. तें १५०९ ते १५११ च्या दरम्यानचें आहे. मध्यभागीं प्लेटो वर बोट दाखवितो, तर अ‍ॅरिस्टॉटल भूमीकडे तळहात पसरतो. कोणी वाद घालतो आहे, तर एक तरुण भिंतीस टेकून मांडीवर भराभर लिहून घेतो आहे. जन्मभर वर्गांत उभा राहिलेला मी तेथें बराच वेळ रेंगाळलों. एवढ्या मेळ्यांत चित्रकार स्वतः कोठें, तर अगदीं उजव्या कडेला ! नुसतें मुखच दिसतें. जणूं वर्गाच्या दारांतून कोणी डोकावतो आहे.

दुसऱ्या दिवशीं पँथिऑन ह्या देवालयांत गेलों. राफाएलची समाधि येथेंच आहे. ह्या घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून किंचित् अधिक आणि जमिनीपासूनची उंचीही तितकीच. म्हणजे आंत पूर्ण गोल मावेल. आंत लोखंडी गज नाहीं. काँक्रीटमध्यें खालच्या थरांस जड दगड आणि माथ्याकडे सच्छिद्र हलका दगड, अशी योजना आहे. माथ्यावर मोठें उघडें गवाक्ष आहे. आम्ही आंत असतांना पाऊस आला, आणि धारा थेट मध्यभागीं उतरूं लागल्या. फरशीस उतार व बारीक छिद्रें असल्यामुळें पाणी सांचत नाहीं.

दर्शनी भागावर मोठ्या लॅटिन अक्षरांत, हें अग्रिप्पानें बांधलें, असें कोरलें आहे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हें खरें नव्हे." अग्रिप्पाचें देवालय इ. स. ८० मध्यें जळालें. आज उभें आहे तें हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १२५ च्या सुमारास पुरें झालें. त्यानें स्वतःचें नांव न घालतां मूळ कर्त्याचें ठेविलें. शतकानुशतकें लोक अग्रिप्पाचीच स्तुति करीत राहिले. १८९२ सालीं विटांवरील भट्ट्यांचे शिक्के तपासले गेले, तेव्हां इमारतीचा खरा काळ उमगला.

आमची मंडळी पावसाकडे पहात होती. ती हळूच म्हणाली, "अहो, बादशहा असून त्यानें दुसऱ्याचें नांव ठेविलें. आणि आपण हातभर शिळेसाठीं थोरल्या भावोजींशीं बोलणें टाकलेंत !"

मजपाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं मुक्कामावरून बंधूंस पत्र लिहिलें. दसऱ्यास शिळा बसली. तीवर आजोबांचें नांव आहे. पूजेस आम्ही दोघे भाऊ एकाच पाटाशेजारीं पाट मांडून बसलों.

वाचकांपैकीं कोणी रोमला जाणार असतील, तर त्यांनीं पँथिऑनकरितां अर्धा दिवस राखून ठेवावा. २०२३ पासून तेथें तिकीट लागतें, पण पाऊस आला तर तो फुकट. आमच्या वाड्याच्या विटा कोणी तपासावयास येणार नाहीं. आणि न आला तरी चालेल.