तलावाचा काठ

शहरातील तलाव सुधारावयाचा म्हटले की आपल्या महापालिकांना प्रथम सुचते ते त्याचा काठ बांधून काढणे. मग फरसबंद पायवाट, दिव्यांचे खांब, कारंजे आणि उद्घाटनाची कोनशिला हे सारे ओघानेच येते. पुण्याच्या पाषाण तलावावर हिवाळी सकाळी दुर्बीण घेऊन जाणाऱ्या मंडळींना ह्या उत्साहाची धास्ती वाटत असेल, तर ती अनाठायी म्हणता येणार नाही.

पाणपक्ष्यांच्या दृष्टीने तलावाचा जीव मध्यभागी नसतो, काठावर असतो. वीतभर पाण्यात उभा राहून शेकाट्या किडे टिपतो, ओल्या मातीवर धोबी शेपूट हलवीत फिरतो, पाणवनस्पतींच्या आडोशाने वारकरी आणि जांभळी पाणकोंबडी घरटी बांधतात. उत्तरेकडून हिवाळ्यापुरते येणारे तलवार बदक डोके पाण्यात खुपसून, शेपटी आकाशाकडे करून चरते. खोल पाण्यात त्याची मान तळापर्यंत पोहोचत नाही. उतरता काठ काढून तेथे उभी भिंत घातली, तर बुडी मारणाऱ्या पाणकावळ्याचे फारसे बिघडत नाही. इतरांच्या पुढचे ताट मात्र ओढून घेतले जाते.

चिखल म्हणजे घाण नव्हे, हा भेद येथे केलाच पाहिजे. घाण येते ती राम नदीतून येणाऱ्या सांडपाण्याने. त्यातील नत्र आणि स्फुरद ह्यांवर जलपर्णी माजते. (ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची, तिला येथील रहिवास आपणच मिळवून दिला.) यंत्रे लावून जलपर्णी उपसावयाची आणि सांडपाणी तसेच येऊ द्यावयाचे, हा आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते अशातला कारभार झाला.

कायद्याचा आधार शोधावा, तर तोही तोकडा. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी वा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांतून वगळले. आपल्या शहरांतील कितीतरी तलाव मानवनिर्मितच आहेत. पाषाणचा तलावही इंग्रजी अमदानीत पाणीपुरवठ्यासाठी केलेला. शेकाट्याला हा फरक कसा कळावा?

अशा वेळी नोंदींना महत्त्व येते. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली ह्यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ठरविला आहे. तो भाषणे आणि भित्तिपत्रके ह्यांत संपविण्याऐवजी एकेका शाळा-महाविद्यालयाने जवळचा तलाव नेमून घ्यावा. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी कोणता पक्षी किती दिसला, हे तारखेसह वहीत लिहावे. त्याला महागडी साधने लागत नाहीत. चिकाटी लागते, आणि ती शिक्षकांपाशी असते. आर्थिक वर्षअखेरच्या कामांची घाई मार्चात उडते. स्थलांतरित पक्षी तेव्हा परतीच्या वाटेला लागलेले असतात. रिकाम्या काठाकडे बोट दाखवून ‘पक्षी आहेत कुठे?’ असे कोणी अधिकारी विचारू लागला, तर नोव्हेंबरापासूनची वही त्याच्यापुढे ठेवता आली पाहिजे.