चाळीस टक्क्यांच्या अलीकडचे विद्यार्थी

सेवेतील मधली दोन वर्षे मी प्रतिनियुक्तीवर एका राज्य विद्यापीठाचा कुलसचिव होतो. परीक्षा विभागाच्या फाइलींत एकदा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याचा अर्ज आला. विषय इतिहास. सोबत त्याच्या प्राध्यापकांचे पत्र होते : हा मुलगा तोंडी उत्तर देऊ लागला की वर्ग ऐकत राहतो, मात्र लिहायला बसला की तासाभरात जेमतेम दीड पान होते आणि तेही नंतर त्याचे त्यालाच वाचता येत नाही. मानसशास्त्रज्ञाच्या अहवालात ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द होता. मागणी होती एका तासाच्या वाढीव वेळेची. मी नियम पाहिले. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजलेले होते आणि डिस्लेक्सिया त्यांत नव्हता. ‘नियमांत तरतूद नसल्याने विनंती अमान्य’ असे लिहून मी सही केली. टिपणी निर्दोष होती. कोणत्याही लेखापरीक्षकाला तीत काही वावगे सापडले नसते. त्या वर्षीच्या परीक्षार्थींच्या अंतिम यादीत त्या मुलाचे नाव नव्हते, एवढेच मला पुढे कळले.

आज ती टिपणी बेकायदा ठरेल. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, जो एप्रिल २०१७पासून लागू झाला, सातांचे एकवीस प्रकार केले आणि त्यांत डिस्लेक्सिया, डिसग्राफिया यांसारख्या अध्ययन अक्षमतांना स्थान दिले. परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करणे, वाढीव वेळ आणि लेखनिक देणे, हे कलम १७मध्ये शासनाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. तरीही माझ्या जागी आज बसलेला अधिकारी वेगळे लिहील, याची मला खात्री वाटत नाही. त्याच्या हाती आता तरतुदीचा अभाव नसेल, टक्केवारी असेल.

ही टक्केवारी कुठून आली, ते पाहण्यासारखे आहे. ४० टक्के ही मर्यादा जुन्या कायद्यात आली ती कोणाला अपंग म्हणायचे हे ठरवण्यासाठी. नव्या कायद्याने ती ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’पुरती, म्हणजे मुख्यतः शिक्षण आणि नोकरीतील आरक्षणासारख्या लाभांपुरती राखली. जागा मोजक्या असतील तर कुठेतरी रेषा ओढावी लागते, हे समजू शकते. परंतु कार्यालयात मागच्या परिपत्रकातील परिच्छेद उचलून पुढच्या परिपत्रकात ठेवण्याची आमची एक जुनी सवय आहे, आणि त्या सवयीने ही रेषा आरक्षणाच्या प्रकरणातून निघून परीक्षागृहाच्या दारात येऊन उभी राहिली. केंद्र सरकारची २०१८ची लेखी परीक्षांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच होती. ज्याचा हात ३५ टक्के निकामी आहे त्याने संपूर्ण धडधाकट माणसाच्या वेगाने लिहावे, असा त्याचा अर्थ झाला.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात ही गल्लत दाखवून दिली. अर्जदाराला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता. लिहू लागताच हाताचे स्नायू आखडत. वैद्यकीय मंडळाने त्याचे अपंगत्व मोजले ते ६ टक्के, आणि आयोगाने त्याला लेखनिक नाकारला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केले की आरक्षणासाठीची मर्यादा वाजवी सोयीच्या हक्काला लावता येत नाही. सहा टक्के हा आकडा शरीराचा आहे. तीन तासांच्या लेखी परीक्षेपुरते पाहिले तर त्या माणसाला हात नव्हताच. न्यायालयाने सरकारला नवी तत्त्वे आखण्यासाठी तीन महिने दिले. ती १० ऑगस्ट २०२२ रोजी आली आणि लेखनात अडचण असलेल्यांपुरतीच राहिली. बँक भरतीच्या परीक्षेवरून तोच प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला आणि ३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की या सोयी सर्वच दिव्यांग परीक्षार्थींना मिळाल्या पाहिजेत. दोन निकालांमध्ये चार वर्षे गेली. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो.

दरम्यान, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर वाढीव तास नाकारला गेला. तिचे प्रमाणपत्र पूर्ण ४० टक्क्यांचे होते. केंद्रावरील माणसांना नियमच ठाऊक नव्हता. नोव्हेंबर २०२१मध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, फेरपरीक्षा मात्र देता आली नाही.

ज्यांना परवानगी मिळते त्यांची पुढची अडचण लेखनिकाची. २०१८ची तत्त्वे कागदावर उदार होती. तासाला किमान वीस मिनिटे भरपाई वेळ, संगणक, ब्रेल, मोठ्या टंकातील प्रश्नपत्रिका किंवा ध्वनिमुद्रित उत्तरे यांतून निवड, जिल्हा वा राज्य स्तरावर लेखनिकांच्या सूची, आणि परीक्षेआधी दोन दिवस लेखनिकाला भेटण्याची मुभा. प्रत्यक्षात लेखनिक शोधणे हे बहुधा विद्यार्थ्याचेच काम ठरते. त्या तत्त्वांनुसार स्वतःचा लेखनिक आणल्यास तो एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा लागे, म्हणजे एम.ए.च्या विद्यार्थ्याने पदवीच्या वर्गातील कोणाला तरी गाठायचे. त्याच आठवड्यात त्या मुलाचीही परीक्षा असते! मग शेजारची मुले, स्वयंसेवी संस्थांचे दूरध्वनी, व्हॉट्सॲपवरचे निरोप. जो अखेर मिळतो त्याला ‘मन्सबदारी’ कशी लिहायची हे प्रत्येक वेळी अक्षर-अक्षर सांगावे लागते, आणि ती वीस मिनिटे तिथेच संपतात.

सांगणे हीदेखील एक कला आहे, आणि ती सरावाने येते. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. कवित्व कोणाचे, अशी शंका त्यात कोणी काढत नाही. अंगठ्याच्या सांधेदुखीमुळे हा लेखही मी सांगितला आहे आणि माझ्या सुनेने टंकला आहे. संपादकांनी माझ्याकडे जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र मागितलेले नाही.

गैरवापराचे काय, असे विचारले जाईल. भीती खोटी नाही. २०२४मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, आणि प्रमाणपत्रे कशी मिळवली जातात याच्या कथा आम्हा जुन्या अधिकाऱ्यांना नव्या नाहीत. पण त्या कथा बहुतेक आरक्षित जागेच्या आहेत, जिथे एकाने मिळवले की दुसऱ्याचे जाते. वाढीव वेळेने कोणाची जागा जात नाही. आणि वेळ वाढवल्यावर ज्याला अडचण नाही त्याचेही गुण भरभरून वाढणार असतील, तर दोष प्रश्नपत्रिकेत शोधावा लागेल. मी स्वतः एम.ए.ला तीन तासांत पाच दीर्घोत्तरे लिहिली आहेत. शेवटच्या उत्तरात विचार करायला उसंत नव्हती. हात चालत होता, इतकेच. तिथे माझे इतिहासाचे ज्ञान तपासले गेले, असे आज मी शपथेवर सांगू शकणार नाही.

डिस्लेक्सियाच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ही अक्षमता बाहेरून दिसत नाही. तिचे निदान चाचणीतून होते, आणि चाचणी कुठल्या तरी भाषेत असते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी तयार केली तेव्हा ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत होती. ते काम मोलाचेच आहे. पण घरी संताली बोलणारा, ओडियात शिकलेला आणि महाविद्यालयात इंग्रजी पाठ्यपुस्तक समोर आलेला मुलगा वाचताना अडखळतो तेव्हा त्याला परकी भाषा अडते आहे की अक्षरेच, हे कोण आणि कशाने ठरवणार? शिवाय २०१८च्या अधिसूचनेतील निदानाची वाट शाळेतून जाई : तिसरीच्या सुमारास शिक्षकाने हेरायचे, मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञ, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. ज्याच्या शाळेत कोणीच काही हेरले नाही तो विसाव्या वर्षी कोणाकडे जाईल? महाराष्ट्राने १९९६पासून शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या, तरी त्यांचा लाभ आधी मुंबईसारख्या शहरातील जाणत्या पालकांच्या मुलांना झाला, हे उघड आहे. इतरांना आपण ‘ढ’ म्हणतो आणि मोकळे होतो. अकबराला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याला ग्रंथ वाचून दाखवले जात. काही इतिहासकारांना त्यामागे डिस्लेक्सिया असावा असे वाटते. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान मी करणार नाही, पण त्याच्या दरबारात वाचून दाखवणारे नेमलेले होते, ही गोष्ट मात्र नोंदलेली आहे.

विद्यापीठांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. विचारणा परीक्षेच्या अर्जात न करता प्रवेशाच्या वेळी करावी, आणि निर्णय एकदाच, संपूर्ण अभ्यासक्रमासाठी व्हावा. दर सत्राला त्याच प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती मागण्यात कोणाचे काय साधते, हे मी त्या खुर्चीत बसूनही कधी समजू शकलो नाही. लेखनिकांची सूची परीक्षा विभागाने ठेवावी आणि त्यांना पर्यवेक्षकाप्रमाणे मानधन द्यावे. अंतर्गत चाचण्यांतही तोच लेखनिक किंवा तोच संगणक मिळावा, म्हणजे सांगण्याचा नाहीतर टंकण्याचा सराव होईल. नकार द्यायचाच असेल तर कारणांसह आणि परीक्षेच्या किमान महिनाभर आधी द्यावा, जेणेकरून अपील करता येईल. माझा नकार परीक्षेच्या नऊ दिवस आधी निघाला होता. जावक क्रमांक आणि तारीख त्यावर व्यवस्थित होती.