आपलं डिझाइन, दुसऱ्याचं मशीन

हौशी सीएनसीवाल्यांची आपापसात एक डिझाइन स्पर्धा घ्यायची असं आमच्या टोळक्यात ठरलं आणि पहिला प्रस्ताव लगेच आला. प्रत्येकाने आपल्या मशीनवर केलेलं सगळ्यात भारी काम घेऊन यायचं, परीक्षक बोलवायचे, नंबर काढायचे. माझा त्याला ठाम विरोध होता. अशी स्पर्धा घ्यायची तर निकाल मी आजच लिहून देतो. ज्याच्या शेडमध्ये चार बाय आठ फुटांचा राउटर आहे आणि पाण्यावर थंड होणारा स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर आहे, तो पहिला येणार. गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली ३०१८ हे टेबलावरचं चिमुकलं मशीन मांडून बसलेला पोरगा टाळ्या वाजवणार आणि पुढच्या वर्षी फिरकणार नाही.

ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकावर रेघ काढायची, तिचं आकड्यांच्या आज्ञांमध्ये रूपांतर करायचं आणि त्या आज्ञांबरहुकूम फिरतं कटर लाकडावर किंवा अ‍ॅक्रिलिकवर चालवायचं, हे करणारं यंत्र म्हणजे सीएनसी राउटर. कारखान्यांत ही जात जुनी आहे. घरात ती शिरली, कारण यंत्राचा मेंदू स्वस्त झाला. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये ‘जीआरबीएल’ नावाची प्रणाली लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली केली. ती आर्डुइनो उनोसारख्या तळहाताएवढ्या बोर्डावर चालते. ३०१८ सारखी टेबलावर मावणारी यंत्रं पुढे तिच्याच जिवावर घरोघर पोचली. या यंत्राचं माप नावातच आहे. बेड ३०० बाय १८० मिलिमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा जरासा अरुंद. बाकीचं पुण्यात हुडकता येतं. तपकीर गल्लीत मोटरा आणि वायरी, बोहरी आळीत क्लॅम्प आणि नटबोल्ट, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात प्लाय.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, टूलरूममधून निवृत्त झालेले काका आहेत, फर्निचरवाल्याचा मुलगा आहे, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आहेत. चौघांची मशीनं चार तऱ्हेची आणि चौघांची मतं पाच.

दुसरा प्रस्ताव होता शिवाजी महाराजांच्या रिलीफचा. तो नाकारताना जरा जपून बोलावं लागलं. महाराजांबद्दल कोणाचंच दुमत नाही, पण तयार थ्रीडी फाइल उतरवून घ्यायची, मशीनला लावायची आणि आठ तासांनी पॉलिश पेपर मारायचा, यात डिझाइन कुठे आलं? तीच गोष्ट वारली चित्रांची आणि घराच्या नावाच्या पाट्यांची. काम देखणं होतं, पाहुणे वाहवा करतात, फक्त ती वाहवा ज्याने फाइल बनवली त्याची असते. छंद म्हणून जरूर करावं. डिझाइन स्पर्धेत ते नको.

मग मी माझं म्हणणं मांडलं: कोणीही आपलं डिझाइन आपल्या मशीनवर कापायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या मशीनवर तुमची फाइल जाईल, आणि तुमच्या मशीनवर तिसऱ्याच कोणाची येईल. मधे फोन नाही, ‘इथे जरा हळू घे’ नाही. फाइल आणि सोबत एक पान सूचना, बस्स.

क्षणभर कोणी बोललंच नाही. मग टूलरूमवाले काका म्हणाले, “आमची सगळी नोकरी अशीच गेली. ड्रॉइंग काढणारा वरच्या मजल्यावर, कापणारा खाली. ड्रॉइंगमध्ये राहिलं ते जॉबमध्ये राहिलं.”

काकांनी वर्मावर बोट ठेवलं. सीएनसीच्या जन्मापासूनच आखणारा वेगळा आणि कापणारा वेगळा. अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स यांचा हेलिकॉप्टरची पाती बनवण्याचा कारखाना होता. वक्र आकार आकड्यांत मांडायचा आणि त्या आकड्यांनी यंत्र हलवायचं, ही कल्पना त्यांची. अमेरिकी हवाई दलाने पैसा लावला, एमआयटीच्या प्रयोगशाळेने काम पुढे नेलं आणि १९५२ मध्ये छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. पट्टी भोसकणाऱ्याने मशीनचं चाक फिरवायचं नव्हतं. आपण हौशी लोकांनी नेमकं हेच पुसून टाकलंय. आखणारे आपण, कापणारेही आपणच. फाइलमध्ये राहिलेली चूक आपण मशीनपाशी उभं राहून हाताने निस्तरतो आणि डिझाइन चांगलं होतं असं समजतो. दुसऱ्याच्या गॅलरीत ते समजणं चालत नाही.

नियम करायला बसलो तेव्हा खरी मजा आली. सगळ्यात लहान मशीन हेच सगळ्यांचं माप, हे पटकन ठरलं. प्रत्येक भाग ३०० बाय १८० मध्ये बसला पाहिजे, म्हणजे तो कोणाच्याही बेडवर कापता येईल. माल एकच, ६ मिलिमीटर प्लाय. बिट एकच, अष्टमांश इंची, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. गोंद नाही, स्क्रू नाही, खिळा नाही. ‘फॅब लॅब’ या सामायिक कार्यशाळांशी जोडलेल्या फॅब अ‍ॅकॅडमीच्या अभ्यासक्रमात एका आठवड्याचं काम असतं ‘काहीतरी मोठं करा’, आणि गोंद-स्क्रूशिवाय जमवलं तर जास्तीचं कौतुक. आपल्याकडे शिरूर तालुक्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, एमआयटीबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. आमची जागा गॅलरीपुरती, त्यामुळे अट उलटी केली: लहान करा, पण गोंदाशिवाय.

गोंद काढून घेतला की सगळा भार खाचेवर येतो, आणि इथे प्लाय दगा देतो. दुकानात ६ मिलिमीटर म्हणून मिळालेला प्लाय घरी आणून व्हर्नियर लावा. तो पावणेसहा भरेल, साडेपाचही भरेल. क्वचित एकाच फळीच्या दोन टोकांना दोन मापं निघतील. फाइलमध्ये खाच ६ची आणि फळी ५.६ची असली तर ०.४ मिलिमीटरची फट राहते. कागदावर नगण्य. हातात घेतलं की वस्तू कुरकुरणाऱ्या खाटेसारखी डुलते. उलट खाच ५.५ची काढली तर हातोडी घ्यावी लागते आणि प्लायचे पदर सुटतात. म्हणून अबोल्याच्या नियमाला एकच सूट दिली. कापणाऱ्याने आपला प्लाय चार ठिकाणी मोजायचा आणि त्यातला सगळ्यात जाड आकडा डिझाइनवाल्याला कळवायचा. तेवढा एक आकडा. तो हाती आल्यावर डिझाइनवाल्याने खाचा दुरुस्त करून अंतिम फाइल द्यायची. ज्याने मुळात आखतानाच खाचेची रुंदी एका ठिकाणी बदलली की सगळीकडे बदलेल अशी सोय केली असेल, त्याचं काम दोन मिनिटांचं. बाकीच्यांची रात्र जाईल.

दुसरी गोष्ट कोपऱ्याची. बिट गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनी निघत नाही, ३.१७५ च्या बिटाने तिथे साधारण १.६ मिलिमीटरची गोलाई राहते. चौकोनी कुसू त्या गोल कोपऱ्यात बसत नाही. सुतार पटाशी मारून कोपरा साफ करतो. इथे पटाशीला बंदी आहे, कारण वस्तू फाइलमधून आली पाहिजे, कापणाऱ्याच्या हातातून नव्हे. मग कोपऱ्यात बिटाला थोडं पुढे घुसवून छोटा गोल कान काढावा लागतो. मंडळी त्याला डॉगबोन म्हणतात. हे कान कुठे घ्यायचे, दिसतील असे की लपतील असे, त्यांचीच नक्षी करता येईल का, यावर डिझाइनवाल्याची अक्कल कळते. नवशिके ते विसरतात, मुरलेले लपवतात. या वेळी कोणीतरी ते मिरवावेत अशी माझी फार इच्छा आहे.

तिसरी गोष्ट मापाच्या एककाची. ती कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही. एसव्हीजी फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की कधी कधी आक्रसते किंवा फुगते. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये ०.९२ आवृत्तीत एका इंचातले बिंदू ९० वरून ९६ केले, तेव्हा जुन्या फाइलींनी अनेकांना घाम फोडला. डीएक्सएफमध्ये मिलिमीटर की इंच हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा एक चौकोन काढायचा. उघडल्यावर तो ५० भरला तरच पुढे जायचं. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या त्या आकड्यांच्या आज्ञा, द्यायचाच नाही, कारण कोणाच्या मशीनला कुठल्या वेगाने काय झेपतं हे ज्याचं त्यालाच माहीत. कापायचा रस्ता कापणारा ठरवेल.

विषयावर वाद होणार हे गृहीतच होतं. मखर सुचवलं गेलं. थर्माकोलवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आल्यापासून प्लायच्या मखरांचे दिवस आहेत खरे, पण ३०० बाय १८० मध्ये मखर मावायचं तर गणपती अंगठ्याएवढा हवा. शेवटी बाईंनी सुचवलेला विषय सगळ्यांना पटला: घडी होणारं, पुस्तक ठेवायचं व्यासपीठ. पारायणाला पोथी ठेवतात ते. जुनं व्यासपीठ एकाच फळीचं असतं. फळी जाडीतून अर्धी चिरतात, मधे बिजागरीची बोटं लाकडातच कोरतात आणि उघडलं की फुलीसारखं उभं राहतं. बघणाऱ्याला ती जादू वाटते, करणाऱ्याचा हात असतो. आमच्या मशीनला मात्र बिट फक्त वरून खाली नेता येतं. फळी आडवी चिरणं त्याच्या बापाला जमणार नाही. म्हणजे जुन्याची नक्कल करण्याची वाटच बंद. दोन पाट एकमेकांतून ओवायचे, की पट्ट्यांची बिजागरी करायची, की मागे टेकू द्यायचा, हे प्रत्येकाने आपलं आपण शोधायचं. विषय असाच असावा, परंपरा समोर आणि तिची नक्कल अशक्य.

परीक्षा दोन पुस्तकांची. जाडजूड सार्थ ज्ञानेश्वरी ठेवली तर व्यासपीठ पसरता कामा नये, आणि दिवाळी अंक ठेवला तर त्याने मान टाकता कामा नये. माझ्या मते दुसरी परीक्षा अवघड आहे.

बाकीचे मुद्दे भराभर निकालात निघाले. स्पिंडलचा आवाज भिंतीतून जातो, म्हणून दुपारी एक ते चार मशीन बंद. पुण्यात याला कारण द्यावं लागत नाही. नवी फाइल आधी बिट वर उचलून हवेत चालवून बघायची, मगच लाकडावर. गॉगल आणि मास्क सक्तीचा. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते गुंततात. भाग सुटून उडू नये म्हणून फाइलमध्ये टॅब, म्हणजे न कापता सोडलेले छोटे दुवे, ठेवणं ही डिझाइनवाल्याची जबाबदारी. सगळ्यात जास्त भांडण झालं ते दुसऱ्याच्या फाइलपायी बिट तुटलं तर भरपाई कोणी द्यायची यावर. डॉक्टर म्हणाले, अर्धी अर्धी. काका म्हणाले, बिट तुटतं ते चालवणाऱ्याच्या घाईने, सबब त्याने द्यावी. तूर्त काकांचं चाललंय.

बक्षिसाला रोख रक्कम नको यावर एकमत झालं. रोख रक्कम आली की मैत्रीची स्पर्धा संपते आणि नियमपुस्तक सुरू होतं. मी कार्बाइड बिटांच्या एका संचावर अडून आहे, आणि तो जोडीला मिळावा: ज्याने आखलं त्याला अर्धा, ज्याने कापलं त्याला अर्धा. मत सगळ्यांनी द्यायचं, स्वतःच्या दोन्ही वस्तू सोडून. परीक्षक बोलवायचेच नाहीत. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून तो कोणालाच दिला नव्हता. साठ वर्षांची परंपरा असलेल्या स्पर्धेला असा कडकपणा शोभतो, त्यावर महिनाभर वादही रंगतात. पहिल्याच वर्षी आम्ही तसं केलं तर दुसरं वर्ष उजाडणार नाही.

एका बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. स्पर्धा संपल्यावर सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या. आमच्यातल्या दोघांचा जोडधंदा आहे, पाट्या आणि ट्रे विकतात; आपली युक्ती फुकट जाईल अशी त्यांना भीती वाटते. भीती खोटी नाही. पण ज्याच्या खुल्या कोडवर आपली मशीनं चालतात, त्याने हाच विचार केला असता तर आपण आज पटाशी आणि रंधाच धरून बसलो असतो. विकायचं ते घरी ठेवा, खेळायचं ते इथे आणा.

वेळापत्रक असं आहे. विषय जाहीर गणेश चतुर्थीला, चिठ्ठ्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, फाइली सर्वपित्री अमावास्येपर्यंत, कापणं नवरात्रात आणि मांडामांड खंडेनवमीला. हत्यारांच्या पूजेचा दिवस आहे. भोसरीच्या शेडमध्ये लेथला झेंडूचा हार पडतो तसा आपल्याही स्पिंडलला पडू दे, पूजेपुरता वीज बंद करून.

तुमच्या गावात असे तीन-चार मशीनवाले असतील, मग ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात असोत की नाशिकच्या सातपुरात, तर हीच स्पर्धा तिथे घ्या. नियम हवे तेवढे मोडा. चिठ्ठ्यांचा नियम तेवढा ठेवा, आणि प्लाय घेताना दुकानातच व्हर्नियर लावा, दुकानदार काहीही म्हणो.