लसीच्या फ्रिजला वही, जेवणाच्या फ्रिजला वाली नाही

चंदगड-गडहिंग्लजकडचे रुग्ण बेळगावला येतात, सावंतवाडी-दोडामार्गचे बांबोळीला जातात. राज्य बदलतं, डबा बदलत नाही. सकाळी आणलेला भात, मऊ खिचडी, ताक रात्रीपर्यंत टिकवायचं तर आधार एकच, वॉर्डातला फ्रिज. तो कुणाच्या ताब्यात, हे विचारलं की सिस्टर किचनकडे बोट दाखवतात आणि किचनचा ठेकेदार स्वतःच्या कोठीपलीकडे बघत नाही.

त्याच इमारतीत लसींचा फ्रिजही असतो. तिथं 2 ते 8 अंशांची मर्यादा आहे, दिवसातून दोनदा तापमान वहीत उतरवलं जातं, बिघाड झाला तर वरपर्यंत कळवावं लागतं. म्हणजे शिस्त पाळणं सरकारी दवाखान्यालाही जमतं. जेवणाच्या फ्रिजात मात्र साधा थर्मामीटरही सहसा सापडत नाही.

जेवणासाठीचा दंडक अवघड नाही. थंड पदार्थ 5 अंशांच्या आत, गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, फ्रीजर उणे 18. मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. भाताचं तर वेगळंच दुखणं आहे. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्यानं ते विष जात नाही. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. 2019 मध्ये इंग्लंडच्या रुग्णालयांत बंद पाकिटातल्या सँडविचमधून तो पसरला, रुग्ण दगावले आणि सरकारला रुग्णालयांच्या जेवणाचा फेरआढावा घ्यावा लागला. धडधाकट माणसाचं पोट बिघडून निभावतं. केमो घेणारा रुग्ण, गरोदर बाई, म्हातारं माणूस यांच्या जिवावर बेततं.

फ्रिज बिघडतो तोही एकदम नाही. दाराचं रबर सैल होतं, मागच्या जाळीवर धूळ बसते, आत बर्फाचा थर चढतो, कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतो. आतला दिवा लागतो म्हणून सगळे समजतात की फ्रिज चालू आहे. त्यात वॉर्डातलं दार दर पाच मिनिटांनी उघडणार. कुणीतरी गरम पातेलं तसंच आत सरकवणार, त्यानं शेजारचं दूधही कोमट होणार. वळवाच्या दिवसांत लाईट गेली तर बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, पण जनरेटरवर आधी ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू. ते बरोबरच आहे म्हणा. किचनची पाळी मात्र बहुतेक शेवटी.

खरी गोम हिशेबात आहे. फ्रिज घेणं हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो, देणगीतूनही येतो, वर दात्याचं नाव रंगवता येतं. रबर बदलणं, गॅस भरणं, वार्षिक देखभालीचा करार हा दरवर्षीचा खर्च, त्याला कुणी दाता मिळत नाही. नवा फ्रिज नोंदवहीत मालमत्ता म्हणून चढतो आणि दुरुस्तीच्या तरतुदीअभावी दोन-चार वर्षांत भंगाराकडे सरकतो. ठेका देतानाही ताटामागचा दर बघितला जातो. थंड साठवणीची अट असली तरी ती तपासणार कोण, हे कागदावर क्वचितच येतं.

कायद्याची अडचण नाही. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्हीकडे एकच आहे आणि रुग्णालयाच्या कँटीनलाही लागू होतो. अंमलबजावणी ज्या-त्या राज्याची. पण वॉर्डातला फ्रिज कँटीनमध्ये धरायचा की नाही, इथंच गाडी अडते. शिवाय दारावर सूचना असलीच तर राज्यभाषेत किंवा इंग्रजीत. पलीकडच्या खेड्यातून आलेल्या बाईला ती वाचता येत नाही, आणि डब्यावर नाव-तारीख घालायला तिला कुणी सांगतही नाही.

काही शे रुपयांचा थर्मामीटर, एक वही, पाळीनुसार सही करणारं एक नाव आणि मराठीतलीही एक पाटी, यासाठी बंगळूर, पणजी किंवा मुंबईच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. ती सही कुणाची, हे वैद्यकीय अधीक्षक एका आदेशात ठरवू शकतात.