गळाला मासा नव्हे, गिऱ्हाईक लागतंय

गळाची मासेमारी नव्याने शिकणाऱ्या पोरांना सध्या जी पहिली वस्तू विकली जाते, ती उथळ आणि गवताळ पाण्यासाठी सपशेल चुकीची असते. पारदर्शक डबा, त्यात दहा-बारा चमकदार प्लास्टिकचे मासे आणि प्रत्येकाच्या पोटाखाली दोन ट्रेबल हुक, म्हणजे तीन-तीन टोकांचे गळ. एका ल्युअरला सहा टोकं. दुकानदार म्हणतो, ‘सहा टोकं आहेत भाई, मासा सुटणारच नाही.’ मासा सुटत नाही, कबूल. पण त्याच्या आधी गवत सुटत नाही त्याचं काय?

मी पूर्व विदर्भातल्या मामा तलावांबद्दल बोलतोय. मामा म्हणजे माजी मालगुजारी. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते हजारोंनी आहेत. पावसाळ्यातला गढूळपणा बसला की थंडीत त्यांचं पाणी निवळतं. काठाकडे गुडघा ते कंबरभर खोली, तळापासून वर आलेलं पाणगवत, मध्ये कमळाची पानं, कुठे शिंगाड्याच्या वेली. आणि त्यात मरळ. या माशाला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो गवतातल्या मोकळ्या खिडक्यांपाशी वर येतो. शिकार नजरेने करतो. पाणी स्वच्छ असलं की आपलं आमिष त्याला दिसतं, तशी काठावरची आपली सावलीही दिसते.

अशा पाण्यात रंगाचा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, गळाचं टोक उघडं आहे की झाकलेलं? व्हिडिओवाले नेमका हाच प्रश्न गाळतात. ते रंगांवर वीस मिनिटं बोलतात, कारण रंग विकता येतात.

माझं मत साफ आहे. नवशिक्याने पहिल्यांदा पोकळ रबरी बेडूक घ्यावा, ज्याला फ्रॉग म्हणतात. त्याचे दोन गळ वरच्या बाजूला, अंगाला चिकटून असतात, त्यामुळे तो कमळाच्या पानावरून सरपटत जातो आणि कुठे अडकत नाही. मरळीने तोंडात धरला की रबर दबतं आणि टोकं उघडी पडतात. पाण्यावर धडाका झाला की लगेच हिसका मारायचा नाही. दोरी ताणली जाईपर्यंत थांबायचं, मग ओढायचं. नव्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हे थांबणं, आणि ते कुठल्याच डब्यात मिळत नाही. बेडकासाठी दोरी विणलेली, जाड घ्यावी. ती पाण्यावरच पडते, म्हणून स्वच्छ पाण्यातही तिचा फारसा अडसर होत नाही, आणि गवतासकट मासा ओढायचा तर तंगूस पुरत नाही.

दुसरी वस्तू मऊ रबराचा किडा किंवा छोटा मासा, टेक्सास रिग पद्धतीने लावलेला. यात गळाचं टोक रबराच्या आतच लपवतात. वजन अगदी हलकं, तीन ते पाच ग्रॅम. कंबरेखालच्या पाण्यात वजनाशिवायही चालतं. ‘छपाक’ आवाज जितका कमी तितकं बरं. इथे मात्र दोरीच्या टोकाला दोन-तीन फूट पारदर्शक लीडर बांधावा, कारण हे आमिष पाण्याखाली चालतं. रंग हिरवट, तपकिरी, त्या तलावातल्या बेडका-माशांच्या जवळपासचा. भडक गुलाबी आणि पोपटी गढूळ पाण्यासाठी राखून ठेवा. हवंच असेल तर तिसरा, एका गळाचा छोटा स्पिनरबेट, गवताच्या कडेने ओढायला. बस्स, पहिल्या वर्षी याहून जास्त काही लागत नाही.

कुणी म्हणेल, ट्रेबलवाल्या ल्युअरलाही मरळ लागते. लागते ना! धरणाच्या भिंतीकडे, खोल आणि मोकळ्या पाण्यात. तिथे तो खुशाल टाका. माझा वाद उथळ गवताचा आहे.

‘तुटला तर तुटला, शंभर-दोनशेचा तर आहे,’ हा दुसरा युक्तिवाद. यावर मात्र मला संताप येतो. ल्युअर तुटतो म्हणजे नाहीसा होत नाही. तो त्याच गवतात, गुडघाभर पाण्यात, सहा टोकं वर करून बसतो. या तलावांत धीवर समाजाची माणसं अनवाणी उतरतात, बायका हाताने गवत चाचपत मासे आणि शिंगाडे काढतात, म्हशी बसतात, पोरं डुंबतात. काटा असलेला गळ पायात गेला तर सरळ ओढून निघत नाही, मांस घेऊन येतो. दवाखाना कुठे, तलाव कुठे. शहरातून रविवारी गाडीने येणाऱ्याचे दोनशे रुपये गेले, आणि जिचं पोट त्या पाण्यावर आहे तिचे कामाचे किती दिवस गेले, हा हिशोब कोणत्या व्हिडिओत येतो?

आणखी एक प्रकार हल्ली कौतुकाने दाखवला जातो. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लालसर गोळ्यासारखी पृष्ठभागावर फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. त्या गोळ्यात बेडूक टाकला की राखणारी मरळ भुकेने नव्हे, रागाने झडप घालते. याला कौशल्य म्हणणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार. ती मरळ निघाली की पिल्लांवर इतर मासे तुटून पडतात. त्या दिवसांत रॉड घरी ठेवावा.

अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यामुळे गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा, ते सांगतील ती रक्कम द्या. मग ल्युअर त्याच्यासमोर उघडून दाखवा. तुमचं आमिष त्या गवतात चालेल की नाही, हे तो दुकानदारापेक्षा लवकर सांगेल. त्याचा स्वतःचा पाय रोज त्याच पाण्यात असतो.